जावयाचा शेवटचा किल्ला

दातांच्या दवाखान्यात मी नंबर यायची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर एक बाई आणि त्यांचा जावई मध्ये लढाईचा पट मांडून बसले होते.

"जावईबापू, तुमच्या शेवटच्या किल्ल्यावर माझा हल्ला. पडला, तर ठरल्याप्रमाणे तुम्ही आमच्याकडे घरजावई."

"आई, हिला एकदा विचारू या तरी."

"ती आत दात काढून घेतेय. तोंड उघडं आहे, तोवर काही बोलायची नाही. टाकू फासा?"

"थांबा, हिशेब सांगतो. तुमचा एक फासा, माझा एक. दोन्ही मिळून छत्तीस तऱ्हांनी पडतात. त्यात तुमचा मोठा पडेल अशा पंधराच."

"आणि तुमचा मोठा?"

"त्याही पंधरा. उरलेल्या सहांत दोघांचे सारखे. सारखे पडले तर किल्ला ज्याचा त्याच्याकडेच राहतो, नियमच आहे. म्हणजे मला एकवीस, तुम्हाला पंधरा. कशाला उगाच हात दुखवता?"

"हात माझा आहे. हे बघा, चार!"

"आता माझा... चार! आई, बरोबरी! वाचलो!"

"काय म्हणालात?"

"बरोबरी झाली, म्हटलं."

"जावईबापू, सासूची बरोबरी करता?"

"अहो, तसं नव्हे..."

"मग कसं? सांगा की या सगळ्यांना, मी सासूची बरोबरी करतो म्हणून."

"छे छे! तुमची बरोबरी मी कशी करणार?"

"मीही तेच म्हणतेय."

"...आई, कपाटातला एक कप्पा तरी मला रिकामा करून द्याल ना?"