साहेबांशी हरलेले एकेचाळीस डाव

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वस्त्र तपासणी केंद्राच्या संचालिका माननीय दाक्षायणीताई म्हमाणे, व्यासपीठावर बसलेले यंत्रमागधारकांचे प्रतिनिधी आणि पाहुणे मंडळी, माझे सहकारी, त्यांचे कुटुंबीय, आणि पहिल्या रांगेत बसून मी किती वेळ घेतो याकडे लक्ष ठेवून असलेल्या आमच्या सौभाग्यवती दानेश्वरीबाई, आपणा सर्वांना या बसवराज हत्तुरेचा नमस्कार.

माझ्याआधी बोललेल्यांनी माझे इतके गुण सांगितले, की मधेच मी मागच्या फलकावरचं नाव वळून वाचून घेतलं. म्हटलं, कार्यक्रम माझाच आहे ना? आमच्या धोंडप्पांनी तर मला अचूकतेचा महामेरू म्हटलं. धोंडप्पा, एकोणतीस वर्षं एकाच कार्यालयात काम केल्यावर इतकं खोटं बोलणं शोभत नाही हो.

पण थोडा मान मी घेतो. टॉवेल किती पाणी शोषतो, चादरीचा रंग किती धुण्यांत उतरतो, सूत किती ताणाला तुटतं, हे आम्ही इथे मोजतो. यंत्राने दाखवला तोच आकडा मी लिहिला. कारखानदार येऊन बसायचे, चहा घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "साहेब, जरा बघा की." मी म्हणायचो, "बघितलं, म्हणूनच लिहिलं." यावरून काही जण माझ्यावर रागावले, त्यातले दोघे-तिघे आज हार घेऊन आले आहेत. त्यांचे आभार मानतो.

तर अशा या माणसाचं स्वतःचं मोजमाप दोन महिने चुकीचं चाललं होतं, ते आज सांगायचं आहे. निरोपाच्या भाषणात हे कशाला, असं ताईंना वाटेल. ताई, पुन्हा माईक कोण देणार मला?

आपल्याकडे जेवणाच्या सुट्टीत कॅरम चालायचा. मी, धोंडप्पा, आपल्या तंत्रज्ञ रेश्माताई, आणि चौथा भिडू लागतो म्हणून पारूबाई. पाहुण्यांना सांगतो, पारूबाई कुंभारीहून येतात आणि अठरा वर्षं आपल्याकडे नमुने धुण्याचं काम बघतात. एकच कापड वीस वेळा त्याच मापाने धुणं, हे येरागबाळ्याचं काम नाही. तर गेल्या वर्षी छत गळलं, कॅरमचा बोर्ड फुगला आणि सोंगट्या स्वतःच्याच मनाने चालायला लागल्या. तेव्हा रेश्माताईंनी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ऑनलाइन कॅरम घालून दिला. जोडीचा खेळ गेला, एकास एक सुरू झाला. देशभरातली माणसं त्यात खेळतात आणि प्रत्येकाला मानांकन असतं.

हे मानांकन कसं चालतं, ते मला रेश्माताईंनी तीनदा समजावलं, म्हणून तुम्हाला एकदा सांगू शकतो. प्रत्येक खेळाडूच्या नावामागे एक आकडा असतो. सगळे बाराशेवर सुरू होतात. डाव सुरू होण्याआधी यंत्रणा दोघांचे आकडे बघते आणि कोण जिंकेल याचा अंदाज बांधते. अंदाजाप्रमाणे झालं, तर गुण थोडेच हलतात. बलवानाने दुबळ्याला हरवलं तर एक-दोन गुण मिळतात, त्यात काय मोठं? बरोबरीच्याला हरवलं तर सोळा. पण दुबळ्याने बलवानाला हरवलं, की यंत्रणा दचकते. तिला वाटतं, आपला अंदाज चुकला. मग ती दुबळ्याला तीस गुण देते आणि तेवढेच बलवानाकडून काढून घेते. आकडा पडद्यामागे राहतो, आपल्याला दिसतं ते पदक. कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि सगळ्यांत वर हिरा.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. यंत्रणा आपल्याला शक्यतो आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देते. म्हणून माणूस योग्य जागी पोहोचला, की तो साधारण निम्मे डाव जिंकतो आणि निम्मे हरतो. सारखं हरणारा खाली सरकतो, सारखं जिंकणारा वर. जो वर्षानुवर्षं नुसता जिंकतोच आहे, त्याच्या बाबतीत काहीतरी गडबड असते. आता मला सांगा, कार्यालयात साहेब कॅरम कधी हरतो का?

आम्हीही सुट्टीत आपापसात खेळायचो आणि तेही डाव मानांकनात धरले जायचे. रोज दुपारी पारूबाईंशी माझा एक डाव ठरलेला. मी जिंकायचो. तीस गुण मिळायचे. घरी जाऊन अनोळखी माणसांशी खेळलो, की सगळे गुण जायचे. दुपारी सुवर्ण, रात्री रौप्य. यावर मी काय निष्कर्ष काढावा? मी महिनाभर हिला सांगत होतो, घरी रेंज नाही. मोबाइल कंपनीला दोन तक्रारी केल्या, नवीन सिमकार्ड घेतलं. एका डावामागे तीस गुण मिळतात म्हणजे समोरचा माणूस आपल्यापेक्षा फार मोठा आहे, हे रेश्माताईंनी शिकवलेलं गणित मला तोंडपाठ होतं. पण पारूबाईंचं पदक कोणतं, हे मी एकदाही बघितलं नाही. बघावंसं वाटलंच नाही, हे जास्त खरं.

पारूबाईंचं पदक हिऱ्याचं होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर, स्वयंपाक आवरून, त्या लेकीच्या शेजारी बसून खेळायच्या आणि नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या पोरांना हरवायच्या. राज्यात अडतिसाव्या होत्या. हंगाम संपताना वरच्या चौसष्ट जणांना पुण्याला बोलावणार होते, खऱ्या लाकडी बोर्डावर खेळायला. जाण्यायेण्याचा खर्च त्या कॅरमवाल्या कंपनीचा. बावन्न वर्षांच्या या बाई लहानपणी भावांच्या मागे उभं राहून कॅरम शिकल्या, पण स्पर्धेत त्यांना कधी कोणी बसवलं नव्हतं. लेक साक्षीने सोबत जायला सुट्टीसुद्धा टाकून ठेवली होती. आणि रोज दुपारी माझ्याशी हरून त्या तीस गुण घालवत होत्या. ते भरून काढायला संध्याकाळी तोलामोलाच्या दोघांना हरवावं लागायचं. माझं हे रोजचं ओझं घेऊन त्या अडतिसाव्या होत्या.

हंगामाचा शेवटचा आठवडा. सोमवारी सकाळी आम्हा दोघांचीही खाती गोठवली गेली. निरोप असा, की एक खेळाडू दुसऱ्याला ठरवून गुण देत असल्याचा संशय आहे. अशा खेळात चांगला खेळाडू ओळखीच्याला मुद्दाम वर चढवतो, तो प्रकार पकडायला यंत्रणेचा पहारा असतो म्हणे.

मी खवळलो. लगेच कंपनीला पत्र पाठवलं. एकोणतीस वर्षं मोजमापाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसावर आपण आरोप करत आहात, वगैरे वगैरे. संध्याकाळी उत्तर आलं, सोबत एक तक्ता. एकेचाळीस डाव. पारूबाई इतरांशी खेळताना सरळ सोंगटी शंभरात सत्त्याण्णव वेळा पॉकेटमध्ये घालतात, माझ्याशी खेळताना शंभरात पस्तीस. राणी तर पॉकेटच्या तोंडाशी असतानाही चुकवलेली, तीही नऊ वेळा. मित्रहो, तक्ते वाचण्यात माझं आयुष्य गेलं. असा तक्ता एखाद्या कारखान्याकडून आला असता, तर मी पाच मिनिटांत शेरा मारला असता.

तक्त्याखाली एक अर्ज होता. दोघांनीही भरायचा. हे पराभव का झाले? पर्याय दिले होते: पैसे, धमकी, उसनं खातं, इतर. पुण्याची यादी रविवारी रात्री बंद होणार होती, आणि गोठलेली खाती तीत धरणार नव्हते.

पारूबाईंनी मंगळवारीच अर्ज भरला. रेश्माताईंनी मला सांगितलं त्यांनी काय लिहिलं ते. 'इतर'वर खूण करून त्यांनी लिहिलं होतं, साहेब चांगले खेळतात. म्हणजे आता खरं सांगून त्यांना सोडवू शकणारा एकच माणूस उरला होता.

आणि तो माणूस गप्प बसला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. मला लिहायचं काय होतं? चार ओळी. मी कच्चा खेळाडू आहे, या बाई मला जिंकू देत होत्या, यात त्यांचा काही फायदा नाही. मंडळी, या चार ओळी माझ्याच्याने लिहवेनात. लोकांच्या चादरींचा रंग कच्चा म्हणून शेरे मारले, तेव्हा हात कधी अडखळला नव्हता. पारूबाई समोरून जायच्या, नमुने घेऊन. एका शब्दाने विचारलं नाही. मीही विचारू दिलं नाही, फाइलमध्ये डोकं घालून बसायचो.

शुक्रवारी सकाळी ताट समोर ठेवून बसलो होतो. ही म्हणाली, "साकु री." आमच्या घरी पुरे झालं, हे असं म्हणतात. "तुम्ही हरलात म्हणून जेवत नाही, की जिंकलात म्हणून?"

तेव्हा लिहिलं. 'इतर'वर खूण केली आणि कारण दिलं: मान. आमच्याकडे वरिष्ठांचा मान राखायची पद्धत आहे, असं दोन वाक्यांत समजावलंही. लिहिल्यावर बरं वाटलं. स्वतःचाच अभिमान वाटला म्हणा ना.

कंपनीला निर्णयाला तीन दिवस लागतात. सोमवारी सकाळी पारूबाईंचं खातं मोकळं झालं. ते एकेचाळीस डाव रद्द झाले आणि त्यांचे गुण परत मिळाले. त्या गुणांनी त्या राज्यात बाराव्या आल्या. पण यादी रविवारी रात्रीच बंद झाली होती. मंगळवारी लिहिलं असतं, तर त्या पुण्याला गेल्या असत्या. हे गणित सोपं आहे, ते मी रोज एकदा करतो.

माझेही गुण गेले. सध्या मी कांस्य पदकावर आहे. निम्मे डाव हरतो. आता घरी रेंज चांगली येते.

त्यानंतर पारूबाईंना मी म्हटलं, एक डाव खरा खेळा. त्यांनी विचारलं, "खरंच खेळू का?" मी हो म्हटलं. चार मिनिटं लागली. माझ्या वाट्याला स्ट्रायकर दोनदा आला. संपल्यावर त्या म्हणाल्या, "हात बरा हाय तुमचा. पर लई घाई करता, साहेब."

मग मी जरा मोठेपणाने म्हटलं, "पारूबाई, मान राखावा माणसाने, पण एवढा राखू नये."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मानाचं न्हाय ते, साहेब. पयल्या दिवशी तुमी माझ्याशी हरला. त्या दुपारी तुमी कुणाशी बोलला न्हाय. रेश्माताईंच्या सुट्टीचा अर्ज फेटाळला. त्यांच्या आईचं डोळ्याचं आपरेशन होतं की. धोंडप्पांस्नी पत्र तीनदा लिवाय लावलं. मी म्हटलं, माझ्या एका डावानं समद्यांची दुपार बरी जात आसंल तर जाऊ दे की."

मला तो दिवस आठवत नव्हता. मी रेश्माताईंना विचारलं. त्यांना आठवत होता, तारखेसकट. धोंडप्पांनाही.

मी अर्जात मान लिहिलं होतं, तेही मोजमाप चुकलंच. लिहायचं होतं ते वेगळं होतं, आणि त्या अर्जात त्याला पर्यायही होता, मी तो वाचून पुढे गेलो होतो. मी कोणाला धमकावलं नाही, हे खरं. पण माझ्या रागाच्या भीतीने अख्खं कार्यालय दुपारी हळू बोलायचं, आणि ते सांभाळायचं काम एक बाई स्वतःचे गुण देऊन रोज करत होत्या. त्या कामाची नोंद माझ्या एकाही गोपनीय अहवालात नाही. त्या अहवालांत मी त्यांच्यापुढे वर्षानुवर्षं 'समाधानकारक' लिहीत आलो.

असो. वेळ बराच घेतला. समोरून तशी खूणही झाली आहे. ताईंनी हा समारंभ मांडला, पाहुण्यांनी कामं बाजूला ठेवली, धोंडप्पांनी खोटं पण प्रेमाने बोलून घेतलं, रेश्माताईंनी सगळी व्यवस्था पाहिली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. रेश्माताई, त्या सुट्टीबद्दल मी तुमच्याशी स्वतंत्र बोललो आहे, तरी इथे सर्वांसमोर पुन्हा हात जोडतो.

भाषणाच्या शेवटी काही उणंदुणं बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणायचं असतं. सभागृहाला तेवढंच म्हणतो. पण त्या तीन दिवसांची माफी सभागृहाने देऊन चालणार नाही. ती द्यायची की नाही, हे तिसऱ्या रांगेत बसलेल्या पारूबाईंनी ठरवायचं आहे. पारूबाई, लगेच मान हलवू नका. आज संध्याकाळी पाच वाजल्यापासून मी तुमचा साहेब नाही. सवडीने विचार करा आणि जे खरं असेल ते सांगा. माफ केलं नाही असं असलं, तरी तसंच सांगा. माझी दुपार कशी जाईल, याची काळजी आता तुम्ही करायची नाही.

नमस्कार.