वाऱ्याच्या घरी सोयरीक

निंबा : नाही नाही, नाना, याला वारा नाही म्हणत. जरा हवा हलली, बस.

चुडामण : हवा हलली? मग माझी टोपी कुठं गेली?

(साक्रीकडचा उघडा माळ, साल १९९४. निंबाच्या कौतिकला मुलगी द्यायची की नाही, हे ठरवायला चोपड्याचे केळीवाले चुडामणनाना घर पाहायला आलेत. पोरगा पसंत आहे, फक्त घर पाहायचं राहिलंय. आणि आजच वाऱ्याला नको तेवढं उधाण आलंय. निंबा तो लपवायच्या खटपटीत आहे.)

निंबा : टोपी काय, येईल की. डोकं मोकळं बरं वाटतं ना?

सुगंधाबाई : (निंबाची बायको, आतून) कौतिकना बाप, पत्रावर आखो एक दगड ठेवा! पत्रा उठी राहिना!

चुडामण : छपरावर एवढे दगड कशाला, निंबाभाऊ?

निंबा : शोभेला.

चुडामण : आणि बकरीला दोन-दोन दोऱ्या?

निंबा : ती जरा भटकी आहे. घ्या नाना, चहा घ्या.

चुडामण : कसा घेऊ? बशीतला चहा सदऱ्यावर आला. हे पाहा, पोरगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. पण वाऱ्याशी माझं वैर आहे. मागच्या वैशाखात घडावर आलेली केळीची बाग त्यानं एका संध्याकाळी आडवी केली. त्याच्याच घरी मी सुनंदाला देऊ?

निंबा : पण इथं वारा आहेच कुठं?

सुगंधाबाई : नाना, वारा शे. बारा महिना शे. मी पापड अठे वाळू घालस, अन खातस शेजारना गावना लोक.

निंबा : तू घरमां जाय व!

सुगंधाबाई : का जाऊ? सोयरीक करनी तं खरं सांगीसन करनी.

चुडामण : आणि शेतात तो उंच खांब कसला? वर वाट्या गरगर फिरताहेत.

निंबा : तो होय? कावळे हाकलायला.

सुगंधाबाई : सरकारना शे. वारा मोजतस. वारा भरपूर व्हयी तं अठे पवनचक्क्या लावतीन.

चुडामण : त्या चक्क्या वाऱ्याचं काय करतात?

निंबा : आता झाकून काय उपयोग! वारा पातं फिरवतो, नाना, त्याची वीज होते.

चुडामण : म्हणजे वाऱ्याचा जोर इथंच खर्च होतो?

निंबा : होणारच की.

चुडामण : आणि इथून हा वारा जातो कुठं?

निंबा : मावळतीचा आहे. धुळं, अमळनेर... मग तुमच्याकडेच.

चुडामण : माझ्या केळीत! अहो, मग इथं चक्क्या दाट लावल्या, तर माझ्याकडे पोचेपर्यंत तो दमेल!

निंबा : दमेल? लंगडत येईल, नाना!

चुडामण : मग लावत का नाहीत?

निंबा : वारा मोजणारा साहेब म्हणतो, एवढं लांब पातं घाटाच्या वळणावर ट्रकला वळवता येत नाही. परदेशात तर म्हणे समुद्रातसुद्धा चक्क्या लावतात.

चुडामण : समुद्रात कोणाची केळी पडते? ते काही नाही, इथंच लावायच्या. वळणावर मी बैलजोड्या घेऊन उभा राहतो. पण वारा पुरेल ना?

निंबा : पुरेल? अहो, रात्रंदिवस थैमान असतं! मघाशी मी लाजत होतो. ते दगड शोभेचे नाहीत.

चुडामण : आणि बकरी?

निंबा : पहिली उडाली, म्हणून हिला बांधली.

चुडामण : निंबाभाऊ... वाट्या थांबल्या.

निंबा : दम खात असतील.

चुडामण : झाडाचं पानही हलत नाही.

निंबा : आत्ता होता हो! देवाशपथ होता! अगं, सांग ना नानांना!

सुगंधाबाई : (नाल्याकडून परत येत) आते मी सांगू? मघाशी तं घरमां जाय म्हने.

निंबा : चुकलं माझं. सांग व माय, पोरानं लगीन मोडस!

सुगंधाबाई : नाना, ही ल्या तुमनी टोपी. पार नालाना पलीकडे बाभूयमां अडकेल व्हती. वारा नव्हता, तं ती काय पायी गयी?

चुडामण : ताई, तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत. खोटा मीच.

निंबा : तुम्ही कसे?

चुडामण : बाग पडली तेव्हा घरात सगळे रडत होते. सुनंदा एकटी म्हणाली, नाना, बुडाशी पिलं, नवे कोंब, जिवंत आहेत, बाग परत उभी राहील. ती पोर एवढ्या लांब पाठवायला जीव होईना, म्हणून मी वाऱ्याचं निमित्त काढत होतो. पण सासू अशी खरं बोलणारी, मग भीती कसली? आणा, तोंड गोड करा.

सुगंधाबाई : साखर आनस. मूठ घट्ट धरज्यात, वारा सुटना परत!

निंबा : बघा, फिरल्या वाट्या! नाना, एकदा चक्क्या लागू द्या. सगळा वारा इथंच अडवतो. एक झुळूक तुमच्याकडे सोडत नाही!

चुडामण : सगळा नका अडवू, निंबाभाऊ. थोडा येऊ द्या. आता तो पोरीच्या घरावरून येईल.