पुढची अक्षरं

—अहो, बसा की जरा. मशीन कुठं पळून जातंय? बंद करून चालू करायला तुम्हाला असा कितीसा वेळ लागतो — आणि दवाखान्याची सगळी नोंदणी माझ्या टेबलावरून होते, तेव्हा माझंही ऐका थोडं. नोंदणीच्या प्रोग्रामात भोक आहे म्हणता. आहेच! मी कुठं नाही म्हणतेय? पेशंटचं नाव टाकायचं, किती अक्षरं दाखवायची तो आकडा टाकायचा. नाव चिमूटभर आणि आकडा भलामोठा — तर शहाण्या प्रोग्रामनं म्हणावं ना, एवढी नाहीत बाबा. हा नाही म्हणत. नाव संपलं की शेजारी जे पडलं असेल ते देत सुटतो, कुणाचा पत्ता, कुणाचा आजार, कुणी लिहून पुसलेलं काहीबाही. पुसलं तरी लगेच जात नाही ना ते, त्यावर दुसरं काही येईपर्यंत तिथंच असतं, मशीन बंद होईपर्यंत — मला कसं ठाऊक? कळतं हो, इथं बसून.

बरं, सांगते. ती पलीकडची खुर्ची माझ्या धाकट्या बहिणीची. पेशंटसमोर गप्पा मारायची चोरी, म्हणून आम्ही एक खोटा पेशंट केला होता — बटाटे नावाचा. त्याच्या शेऱ्यात ती लिहायची, मी वाचून पुसायची, मग मी लिहायची. हसू नका, साहेबांवर काय काय लिहिलंय आम्ही! शेवटच्या दिवशी आमचं वाजलं होतं, आईला कुणी ठेवायचं, नेहमीचंच. मी दिवसभर बटाटे उघडलाच नाही. तिनं लिहिलं असणार, वाट बघितली असणार, पुसून निघाली असणार. घरी पोचलीच नाही ती. वाटेत ट्रक. नंतर एकदा आकड्याच्या बटणावर माझं बोट जरा जास्त वेळ राहिलं, आणि बटाट्याच्या पुढं आलं — ‘ताई रागावू नकोस मी’. मी काय? मी येते? मी ठेवते आईला? तेव्हापासून रोज मागतेय, आकडा वाढवून वाढवून. परवापासून ‘ताई’ गेलंय, तिथं कुणाचीतरी साखर आलीय.

कळवलं का नाही? कळवलं असतं तर तुम्ही आला असता.

काय म्हणालात? बाहेरूनही कुणी मागतंय? — त्या शाळेतल्या बाईंना फोन आला? गर्भपाताचं घरी सांगेन म्हणून? अहो, त्या इथंच उभ्या होत्या, माझ्यासमोर. हळू बोला म्हणाल्या. मी म्हटलं, काळजी करू नका, इथून बाहेर काही जात नाही. मी म्हटलं तसं. मीच.

थांबा, एकदाच मागते, एकदाच — नको. बघितलं तर परत अडवीन तुम्हाला. करा बंद. करा म्हणते ना.

झालं? — मग उभे का? जा.