पायाळूची लाथ

चूक आमच्या आबांची, म्हणजे माझ्या बापाचीच. मी कॉलेज सोडून थाई मसाज शिकलो, बारामतीत कामाला लागलो. आबांची कंबर धरली तेव्हा रोज सतरंजीवर निजवून सावकाश ताण दिले. गडी शांत झोपू लागला. पण त्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्यावर मी थांबलो. म्हटलं, “आबा, आधी डॉक्टर.”

“कॉलेज जमलं न्हाय आन् मला शिकवतो व्हय?” म्हणत त्यांनी कळंबचा पायाळू बोलावला. पायाकडून जन्मलेल्याची लाथ बसली की कंबर सुटते म्हणे! “हाण जोरात,” आबा ओरडले. त्यानं हाणली.

आबांचे पाय गेले. आणि दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं काय? “पोरानं मसाज केला.”

तेच बारामतीपर्यंत पोचलं. माझं काम गेलं.