तातोंच्या ट्रकमधला निळा उजेड

नाही, पण तुम्हीच सांगा मला, शेंगदाण्याएवढा बल्ब असतो, एवढा... हा असा, दोन बोटांत धरला तर दिसायचाही नाही, आणि तो बदलला म्हणून दोन धडधाकट माणसं उणे चौतीसमध्ये रस्त्यात गोठून मरायला टेकतात, हे कुठल्या न्यायात बसतं? आणि वर बायको विचारते, 'लॉर्न, तुला कुणी सांगितलं होतं हात घालायला?' कुणी म्हणजे? तुझ्याच बापानं! पण हे तोंडावर बोलायची सोय नाही, कारण... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिच्याच बाजूला जाऊन उभे राहाल. सगळे राहतात.

तर तुम्हाला सांगतो, माझे सासरे, वासिल होलोवाटी. घरात आम्ही तातो म्हणतो, त्यांच्या युक्रेनी बोलीत बापाला तातोच म्हणतात. ऐंशी ओलांडली, डॉफिन गावाच्या बाहेर शेतावर एकटे राहतात, आणि जगात त्यांचं प्रेम दोघांवर. एक त्यांची लेक लेस्या, म्हणजे माझी बायको, आणि दुसरा तो जुना चौकोनी ट्रक. हा क्रम मी लावलाय हं, त्यांना विचाराल तर उलटा लावतील.

आता झालं काय, नोव्हेंबरात एकदा चर्चमधून निघताना तातोंनी हीटरचा दांडा गरमऐवजी गारवर ओढला आणि घरी पोचेपर्यंत सगळी काच आतून बर्फानं भरली. म्हातारा नखानं रुपयाएवढं भोक खरवडून त्यातनं बघत आला! लेस्या दोन वर्षं चाव्या मागतच होती, ती कडाडली. 'तातो, तुम्हाला डॅशबोर्ड दिसत नाही! आपल्या ख्रिसमसपर्यंत बघते, नाहीतर चाव्या माझ्याकडे!' यांचा ख्रिसमस जानेवारीत. म्हणजे मुदत किती ते बघा. आणि तुम्ही हसू नका, आमच्याकडे शेतावरच्या माणसाच्या चाव्या घेतल्या ना, की तो उन्हाळा लागेपर्यंत खिडकीत बसून राहतो. आणि पुढच्या हिवाळ्यात बघावं, तर खिडकीत कुणी नसतं. मी असे तीन म्हातारे बघितलेत.

म्हणून तातो माझ्याकडे आले. गुपचूप. 'जावईबापू, मला दिसतं सगळं. ते हीटरच्या दांड्यांमागचे बल्ब म्हातारे झालेत, मी नाही. तू शिकलेला माणूस, बघ काहीतरी.' आता मी शाळेत भूगोल शिकवतो. मला नद्या विचारा, पर्वत विचारा! पण सासरा पहिल्यांदा काहीतरी मागतोय, तर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, त्यात काय! दिवाच तर बदलायचाय!

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गावात सुटे भाग मिळायची जागा एकच, आणि त्या काउंटरमागं उभं कोण? लेस्या! तिच्याकडे बल्ब मागितला असता तर तिनं बल्बही दिला नसता आणि चाव्याही काढून घेतल्या असत्या. म्हणून मी पोस्टानं मागवले. आणि साधे कशाला, म्हटलं एलईडी मागवू, जन्मभर टिकतील. आणि पांढरे कशाला, निळे मागवू, पाकिटावरच्या फोटोत काय सुंदर दिसत होते! निळेशार! 

ख्रिसमसच्या तीन आठवडे आधी एका शनिवारी लेस्या कामावर गेलेली बघून मी तातोंच्या गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उघडायला घेतला. गारठ्यात प्लॅस्टिक कसं असतं तुम्हाला सांगतो, नुसता हात लावला तरी कडाक्! प्रत्येक क्लिप तुटली की बादली उपडी घालून बसलेले तातो शांतपणे म्हणायचे, 'एक गेली.' कडाक्! 'दुसरी गेली.' जणू काही कुणाची तरी हाडं मोजतायत! मी हीटरच्या पट्टीमागचे बल्ब बदलले, आणि हात लागलाच आहे तर म्हटलं वेगाच्या काट्यामागचेही बदलू, तेलाचा, हँडब्रेकचा, बॅटरीचा, झाडून सगळे! मधे थांबतो तो माणूस कसला? चावी फिरवली... आणि निम्मे पेटले, निम्मे मेले.

का? तर एलईडीला उलटंसुलटं असतं म्हणे! साधा बल्ब बिचारा कसाही खोचा, पेटतो. हा नाही. हा एकाच बाजूनं पेटणार. पुन्हा सगळं काढलं, कडाक्, 'सातवी गेली,' एकेक फिरवून लावला, आणि काय सांगू, सगळा ट्रक आतून निळा झाला. मी सुद्धा निळा झालो, तातोही निळे झाले. फक्त एक बॅटरीचं चिन्ह. ते काही पेटेना. असं लावलं, तसं लावलं, उलट, सुलट... अंधार. नंतर बघतो तर त्या चिन्हावर लाल काच बसवलेली, मागं निळा दिवा, लाल काचेतून निळा उजेड येणार कुठून! मग मी विचार केला. बघा हं, शिकलेल्या माणसाचा विचार बघा. बॅटरीचा दिवा म्हणजे धोक्याचा दिवा. तो पेटला म्हणजे धोका. म्हणजे तो पेटत नाही, म्हणजे... धोका नाही! आणि मी पुन्हा स्क्रू आवळले. अहो, दिवाच तर बदलायचा होता!

रविवारी लेस्या आली, ट्रक सुरूच होता, दारातनं डोकावली. 'हे काय, नाचायची जागा केलीय का? तातो, दिसतंय का तुम्हाला?' तातो सरळ समोर बघत म्हणाले, 'लख्ख.' तिनं दार लावलं. मी सुटलो. मला वाटलं, सुटलो.

आणि पुढं काहीच झालं नाही, हेच तर वाईट झालं! आमच्याकडं हिवाळ्यात गाड्यांना शेपूट असतं. बॉनेटखालनं वायर लोंबते, घरी आलं की ती भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची, इंजिन रात्रभर कोमट राहतं. तातोंनी त्याच वायरीवर बॅटरीचा चार्जरही जोडून ठेवलाय, बरीच वर्षं झाली. म्हणजे रोज सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली. चर्चला जा, कॉफीला जा, पोस्टात जा, परत या, शेपूट खोचा. ट्रक आतून मरत होता आणि आम्ही रोज त्याला भिंतीवरून जेवू घालत होतो. कुणाला कळणार? आम्ही सगळे असेच करतो.

मग ख्रिसमसच्या तोंडावर ब्रँडन शहरातले स्टेफान बोइचुक वारले. तातोंचे बालमित्र. लेस्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी बरोबर गेलो, पण ट्रक चालवणार तातोच! जाताना सगळं ठीक. मयतानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण झालं, तोवर हॉलच्या भिंतीला शेपूट खोचलेलं होतंच, आणि निघताना त्या बायकांनी कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताचा भलामोठा डबा माझ्या मांडीवर दिला. तीनला निघालो. आणि जरा पुढं आल्यावर रेडिओ बंद पडला. आपोआप.

म्हटलं, 'तातो, रेडिओ...'

'बरं झालं. कटकट करत होता.'

सूर्य बुडायला लागला, त्यांनी पुढचे दिवे लावले, आणि मी बघतो तर काय, तो माझा निळा उजेड... मंद होतोय. आणि हीटरचा पंखा, जो घूंऽऽ करायचा, तो आता हूं... हूं... करायला लागला. 'तातो! दिवे मंदावतायत!'

'मंदावू दे.'

'तुम्हाला दिसत नाहीये का?'

'लख्ख.' आणि बोट काचेवर टेकवून म्हणाले, 'हे वळण बघितलंस? इथं प्रोकोप गेला. बायकोशी भांडून घरातनं निघाला, टोपी विसरला. एप्रिलमध्ये सापडला.'

आता ही काय वेळ आहे का सांगायची? पण म्हातारा थांबेना! पंखा हूं करतोय, दिवे पिवळट पडतायत, रस्त्यावर एक गाडी नाही, दोन्ही बाजूंना डोंगरातलं जंगल, फोनला रेंज नाही, आणि तातो मैलामैलाला माणसं पुरतायत! 'इथं दोघे भाऊ. ट्रक बंद पडला, चालत निघाले. चालत कधी निघायचं नाही, जावईबापू.' मला वाटलं, काय धीराचा माणूस आहे! मरण समोर दिसतंय आणि पापणी हलत नाही! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला... आणि ट्रकनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि विझला. पूर्ण. कुट्ट काळोख. आणि एवढी शांतता, की इंजिन थंड होताना टिक... टिक... टिक... करतंय ते ऐकू येत होतं. अहो, दिवाच तर बदलायचा होता!

आमच्याकडं प्रत्येक गाडीत कॉफीचा रिकामा डबा असतो, त्यात एक जाडी मेणबत्ती आणि काडेपेटी. तेवढ्यावर माणूस रात्र काढतो. मी डबा काढून मधे ठेवला आणि खिशातला टॉर्च त्याच्यावर धरला. तातोंनी मिटन, म्हणजे हातातला तो जाडा मोजा, काढलं आणि ते काडेपेटी शोधायला लागले. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. पेटी त्यांच्या बोटापुढं! समोर!

'तातो, ही काय समोर.'

त्यांचा हात थांबला. मी काडी ओढली, मेणबत्ती लावली. तातोंनी हात पुन्हा मिटनात घातला. मग म्हणाले, 'जावईबापू, वाईट वाटून घेऊ नकोस. तो तुझा निळा उजेड... मला कधी दिसलाच नाही.'

'म्हणजे?'

'मोतीबिंदू आहे. सगळं पिवळं दिसतं, निळं तर दिसतच नाही. जुने बल्ब होते तेव्हा निदान थोडं थोडं दिसायचं रे.'

ऐकलंत? थोडं थोडं दिसायचं! म्हणजे जे काही दिसत होतं ते मी स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं, आणि वर क्लिपाही तोडल्या! मी ओरडलो, 'मग बोलला का नाहीत?' तर म्हणतात, 'तू एवढा खूश होतास. आणि बोललो असतो तर चाव्या गेल्या असत्या.' मी म्हटलं, 'मग आज ब्रँडनपर्यंत गाडी कशी चालवलीत?' म्हणाले, 'पाठ आहे.' पाठ आहे! आणि मी दोन तास शेजारी बसून प्रोकोपच्या गोष्टी ऐकत होतो! 'अहो, मग ऑपरेशन करून घ्या ना!' तर माझ्याकडं वळून म्हणाले, 'स्टेफाननं करून घेतलं होतं. आज कुणाच्या मयताला गेलो होतो?'

मांडीवरचा कोबी दगड झाला होता. पाय कुठं संपतात ते कळत नव्हतं. आणि मी तुम्हाला खरं सांगतो, मला भीती वाटत होती, पण मरायची नाही. लेस्या येईल याची खात्री होती. जेवायच्या वेळेला बाप पोचला नाही तर ती अख्खा प्रांत उलटा करते. भीती वाटत होती ती ही, की ती आल्यावर मी काय सांगायचं? खरं सांगावं, तर म्हातारा खिडकीत जाऊन बसणार. नाही सांगावं, तर हा माणूस उद्या कुणाच्या तरी अंगावर ट्रक पाठ म्हणून दाखवणार. मी ठरवलं, तोंड शिवून ठेवायचं. दिव्यांचा सगळा दोष माझ्याच अंगावर घ्यायचा, तसाही तो माझाच होता.

आली. दोन मोठे दिवे, मागं ती. दार उघडलं, बापाला आधी हात लावून बघितला, मग मला, मग चावी फिरवली, निळे दिवे कसेबसे मिणमिणले, एकदाच डॅशबोर्डकडे बघितलं, आणि... 'बॅटरीचा दिवा कुठाय?'

'तो... पेटत नाही.'

'त्यातही तो निळा घातलास? लॉर्न! तो दिवा नुसता शोभेला असतो का? ह्या जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून थोडी वीज पुढं जाते, तेव्हा अल्टरनेटर जागा होतो आणि बॅटरी भरतो! तुझ्या ह्या नखऱ्यातनं ती जातच नाही! तीन आठवडे ही गाडी फक्त भिंतीवर जगलीय! माझा बाप मारला असतास तू!'

मी म्हटलं, 'हो.'

तेवढ्यात तातो म्हणाले, 'त्याला ओरडू नकोस.' आणि मिटन काढून चाव्या उपसल्या. बोटं वळत नव्हती, तरी मला हात लावू दिला नाही. 'घे, लेस्या. मला दिसत नाही. खूप दिवस झाले.'

आता ह्या चाव्यांसाठी ही बाई दोन वर्षं बापाशी भांडत होती. आणि तुम्हाला सांगतो, तिनं हात पुढं केलाच नाही. नुसती उभी राहिली. त्या थंडीत रडता येत नाही, पापण्या चिकटतात, पण तिनं प्रयत्न केला. मलाही फार वाईट वाटलं, इतकं वाईट की मी म्हणून गेलो, 'त्यात काय, मी नेईन ना त्यांना, जिथं म्हणतील तिथं.' सवय हो, सवय! तिनं चाव्या उचलल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

तेव्हापासून शाळेआधी मी शेतावर. कॉफीला न्या, शाळा सुटली की पोस्टात न्या, शनिवारी जनावरांच्या बाजारात न्या, तिथं त्यांना काही घ्यायचं नसतं. बल्ब सगळे जुने परत घातले, लेस्यानं स्वतः घातले, मला गॅरेजात येऊ दिलं नाही. तातो शेजारी बसतात, डोळे मिटून, खुशाल! 'उजवीकडं जास्त गेलास. ब्रेक उशिरा दाबलास. गियर, जावईबापू, गियर!' परवा मला राहवलं नाही. गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, 'तातो, तुम्हाला काडीचं दिसत नाही, वर डोळेही मिटलेले असतात, मग मी चुकतोय हे तुम्हाला कळतं कसं?'

म्हणाले, 'त्याला दिसायला कशाला पाहिजे? चालवतोयस तू, एवढं माहितेय ना मला.'

आणि तुम्हाला सांगतो... बरोबर असतं हो म्हाताऱ्याचं. दर वेळी.