आल्तारावरचा कप

सेबेस्टियन : दार लाव, आय. आज याला सोडत नाय मी.

प्लासिड : दादा, ओठ फाटलाय माझा. बस कर.

सेबेस्टियन : बस? आख्खं पाचूबंदर टीव्हीसमोर बसलं होतं! फटाक्यांची माळ माझ्या हातात! आशियाई खेळांत होड्यांच्या शर्यतीची फायनल, तू दुसरा, पदक समोर. आनि हा शहाना वल्ही सोडून पान्यात उडी मारतो!

प्लासिड : बाजूचा उलटला होता. पाय नावेतच अडकले होते त्याचे.

सेबेस्टियन : पंचांची लाँच होती ना?

प्लासिड : लांब होती. तो खाली जात होता, दादा.

सेबेस्टियन : तुझा कोन लागत होता तो कोरियातला? मामा? घे! आनखी घे!

रिटा : सेबा, डोक्यात नको! मरंल माझा पोरगा!

सेबेस्टियन : मरू दे. कोचानं तिकडं थोबाड फोडलं, ते कमी पडलं याला. तो दांडा दे इकडं.

प्लासिड : मार. पन उद्या परत शर्यत झाली तरी मी उडी मारीन. पान्यात पडलेल्याला टाकून आपल्यात कोन पुढं जात नाय. बाबानं शिकवलंय.

सेबेस्टियन : बाबाचं नाव काढू नको! हात ठेव त्या पाटावर. बोटंच मोडतो, परत वल्हं धरायला नको.

रिटा : सेबेस्टियन! दांडा टाक, नायतर ही कोयती मनगटावर घालीन तुझ्या. देवाशप्पथ घालीन!

(दांडा जमिनीवर पडतो.)

सेबेस्टियन : माझ्यावर कोयती, आय? या हरलेल्यासाठी?

रिटा : आल्तारावरचा, येशूच्या मूर्तीपुढचा तो कप बघ. बारा वर्सं झाली. सणाच्या शर्यतीत तू एकटा होडी मारत पयला आलास. बाबा तुझ्या मागच्या होडीतून पडला, त्याचं मढंच तिसऱ्या दिवशी किल्ल्यामागं लागलं.

सेबेस्टियन : सांगितलंय ना तुला! मी सगळ्यांच्या पुढं होतो. मला कसा दिसनार?

रिटा : कोळ्याच्या बायकोला सांगतोस? वल्हं ओढनाऱ्याचं तोंड मागंच असतं, सेबा.

सेबेस्टियन : आय...

रिटा : रोज पुसते तो कप. कदी काय बोलले?

सेबेस्टियन : त्यानं हात वर केला होता, आय. मला वाटलं, जोर लाव म्हनतोय.

रिटा : प्लासिड, बस इथं. सेबा, कापूस आन. कप राहू दे आज. भावाचं रगत पूस.