सात बस्ते

सरजाबाई : महाराज, पोथ्यांच्या या बस्त्याला उंदरानं भोक पाडलंय. त्यातनं ही बाई निघाली.

नागनाथ महाराज : कोण बाई?

सरजाबाई : साबणाच्या जाहिरातीतली. मला वाचता येत न्हाई, पर चारशे वर्सांच्या पोथीत साबण नसतो, येवढं कळतं.

महाराज : बस्ता उघडायची तुम्हाला मनाई आहे, सरजामावशी.

सरजाबाई : न्हाईच उघडला. ह्या मठात केस पांढरे झाले, कंच्या गाठीला हात लावला न्हाई. उंदराला कोण मनाई करणार? बाकीच्या सहांत काय हाय?

महाराज : आधी दार लावून घ्या.

सरजाबाई : लावलं. बोला.

महाराज : सगळ्यांत तेच. जुनी वर्तमानपत्रं.

सरजाबाई : आन पोथ्या?

महाराज : बहात्तरच्या दुष्काळात दिल्या. सोनपेठच्या बाजारात दाणा नव्हता. शहरातला एक शौकीन माणूस आला, पोथ्या घेतल्या, दोन ट्रक ज्वारी उतरवली. गाव मठात जेवलं. तुम्हीही जेवलात. उपाशी माणसांपुढं पोथी वाचायची होती का मी?

सरजाबाई : मला सांगितलं असतंस तर डोक्यावर घिऊन ट्रकात ठिवल्या असत्या. भाकरीपरीस पोथी मोठी न्हाई, हे मला नको शिकवूस, नागू.

महाराज : मग राग कशाचा?

सरजाबाई : तीन वर्सं त्या रद्दीला ऊन दावलं, निवद दावला. न्हाल्याबिगर शिवले न्हाई. माझी लेक पंचफुला जायच्या आदल्या दिशी याच बस्त्यावर डोकं ठिवून रडले. तू मागं हुबा हुतास. 'पोथ्या ऐकतात, मावशी,' म्हणलास.

महाराज : त्या वेळी काय सांगणार होतो?

सरजाबाई : रझाकारीत त्या पोथ्या धान्याच्या पेवात लपवल्या, तवा तुलाबी त्यांच्याच शेजारी निजवलं. सात वर्सांचा हुतास. 'बाहेर काय झालं' म्हणून इचारायचास. तुझा बाप गेला तेबी मी खरंच सांगितलं. लय अवघड गेलं, पर सांगितलं.

महाराज : चुकलं माझं. पण उद्या दसरा, मावशी. सारं गाव पोथ्यांच्या दर्शनाला येईल. तेवढं भोक शिवून द्या.

सरजाबाई : (कमरेची किल्ली सोडून चौरंगावर ठेवत) सुई कोनाड्यात हाय, महाराज. तुमीच शिवा. दिवाबी तुमीच लावा.

महाराज : आणि लोकांनी विचारलं, सरजामावशी कुठं गेल्या, तर?

सरजाबाई : सांगा कायबी. तुमाला येतंय की.